कलम सात आणि मामाचं उलट भाषण

माझ्या मामाला सगळे मंत्री म्हणायचे. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्याचा बिल्ला बघताना "या मंत्रीसाहेब" म्हणायचा आणि मामा मान हलवून आत जायचा, जणू खरोखरच गाडीतून उतरलाय. उतरायचा तो सायकलवरून. मागे डबा बांधलेला, आणि पॅंटच्या टोकाला राख लागू नये म्हणून दोन्ही पायांवर चिमटे लावलेले. त्याच्या मंत्रिपदावर मी स्वतः इतके विनोद केलेत की आता ते आठवले की मला माझाच राग येतो.

मामाचं खरं काम राखेचं. कोळशावर वीज करणारा कारखाना. कोळसा जळला की राख उरते, ती पाण्यात कालवून मोठ्या पाइपातून टेकडीवरच्या तळ्यात सोडतात. तळं म्हणजे तीन बाजूंनी टेकडी आणि चौथ्या बाजूला मातीचा बांध. तळं भरत आलं की बांधावर आणखी एक थर चढवायचा. मामा तेवीस वर्षं त्या बांधावरून दिवसातून दोनदा चालला. बांधात रोवलेल्या नळांत टेप सोडून पाणी किती वर आलंय ते मोजायचं, पायथ्याच्या नालीत झिरपून येणारं पाणी बाटलीत धरायचं, उजेडात बघायचं आणि वहीत लिहायचं. लहानपणी मला तो सांगायचा, "बांध झिरपतोच. पाणी नितळ आहे तोवर भ्यायचं नाही. गढूळ आलं की समजायचं, आतून माती निघायला लागली."

बांधाच्या पायथ्याला आमची वस्ती. अठ्ठावीस घरं. त्यातलं एक आईचं. मी लग्नानंतर रस्त्यापलीकडे गेले आणि कारखान्याच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. आई मात्र तिथून हलली नाही.

गेल्या दीड वर्षात नळांतलं पाणी चढत होतं. मामा वहीत लाल पेनाने लिहायचा. वही महिन्याच्या शेवटी सुरक्षा अधिकाऱ्याकडे जायची आणि सही होऊन परत यायची. फक्त सही. पालथ्या घड्यावर पाणी. मामा दोनदा प्रत्यक्ष भेटायला गेला. साहेब चांगला माणूस होता, हे मुद्दाम सांगते. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, "बघतो" म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं, चहा देणाऱ्याशी काय भांडणार?

मग मामाने हा राष्ट्राचा खेळ धरला. इंटरनेटवर साडेतीनशे माणसांनी मिळून एक देश चालवायचा. देशाला ध्वज, घटना, संसद, सगळं. कायदा मांडायचा, त्यावर लिहून वाद घालायचा, मग मतदान. कायदा झाला की खेळ हिशोब करून सांगणार, हवा किती सुधारली, किती लोक बेकार झाले, किती घरांतले दिवे गेले. राष्ट्राध्यक्ष एक दातांची डॉक्टर होती. संसदेचा सभापती कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायचा. आणि आमचा मामा ऊर्जामंत्री. आई म्हणायची, "घरातला बल्ब बदलायला चार दिवस लावतो आणि देशाची वीज सांभाळतो."

मामाने तिथे स्वच्छ ऊर्जेचा कायदा मांडला. नवा कोळसा बंद, वारा आणि उन्हावरची वीज वाढवायची, कामगारांना नवं काम शिकवायचं. आणि कलम सात : वस्तीपासून दोन किलोमीटरच्या आत राखेचं एकही तळं राहणार नाही, असतील ती वर्षभरात रिकामी करायची. बाकी सगळा कायदा त्या सातव्या कलमासाठी होता, हे मला तेव्हाच दिसत होतं. आणि ज्या माणसाने ते वाचावं म्हणून मामाचा सगळा आटापिटा चालला होता, त्याला मामाने स्वतः आमंत्रण पाठवून खेळात आणलं होतं. साहेब विरोधी पक्षनेता झाला.

"कचेरीत मी त्याचा नोकर," मामा मला दुकानात सांगत होता. "तिथे तो मला माननीय म्हणतो. उत्तर द्यावंच लागतं त्याला. न देऊन जाईल कुठे?"

मीही वाचायला लागले. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर. साहेबाने विचारलं, वारा पडला तर इस्पितळं कशावर चालवणार? मामाने जुन्या धरणांवरच्या विजेचा हिशोब मांडला. कुणीतरी म्हणालं, चार हजार कामगारांच्या घरात चूल कशी पेटणार? मामाने लिहिलं, "मी त्या चार हजारांतला आहे. मला काम हवंय. पण ज्या कामामुळे माझ्याच माणसांच्या डोक्यावर चिखल टांगलेला राहतो ते काम मी मुलाला दिलं नाही, तुम्ही तुमच्या मुलाला द्याल का?" आठवी पास माणूस. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. दोन आठवड्यांत अर्ध्याहून जास्त संसद त्याच्या बाजूला आली.

पण त्या खेळात एक रीत होती. कायदा मांडणाऱ्याने मतदानाच्या आदल्या दिवशी आपल्याच कायद्याविरुद्ध भाषण लिहायचं. त्याला ते उलट भाषण म्हणत. आपल्याला दुसऱ्याची बाजू कळली आहे हे त्याने सिद्ध करायचं. आणि तेही मनापासून. भाषण मुद्दाम कच्चं लिहिलंय असं डॉक्टरीणबाईंना वाटलं तर कायदाच फेटाळायच्या. रीत चांगली होती. तिच्यामुळे तिथे शिवीगाळ होत नसे.

मामाने ते तीन दिवस लिहिलं. साहेबाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं सगळं त्यात ओतलं, आणि साहेबाला कधी जमलं नसतं इतकं गोड करून ओतलं. मला त्यातल्या ओळी पाठ आहेत.

"बांध दरवर्षी जड होतो. जे जड होतं ते बसतं, जे बसतं ते घट्ट होतं. ओल दिसली म्हणून घाबरणं म्हणजे घाम आला म्हणून मरण आलं समजणं. मी तेवीस वर्षं या बांधावर चालतो आहे. माझी सख्खी बहीण त्याच्या पायथ्याशी राहते. मला तसूभर शंका असती, तर मी तिला तिथे राहू दिलं असतं का?"

राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं, संसदेच्या इतिहासात असं उलट भाषण झालं नाही. मामा हरखून गेला. दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि कायदा एकवीस मतांनी पडला. लोकांना ते भाषण पटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी हसले. मामाही हसला, जरा उशिराने.

त्याच सुमाराला वस्तीत हालचाल सुरू होती. कुणाच्या भिंती ओलावत होत्या, कुणाच्या अंगणात पाऊल टाकलं की पाणी वर यायचं. अठ्ठावीस घरांनी मिळून अर्ज केला होता : आम्हाला तात्पुरतं कारखान्याच्या रिकाम्या खोल्यांत हलवा. आईनेही सही केली. ती सही मिळवायला मामा महिनाभर तिच्यामागे होता. महिनाअखेरपर्यंत हलवू, असं कारखान्याने तोंडी कबूल केलं होतं.

एका दुपारी साहेबाचा शिपाई दुकानात कागद घेऊन आला. "दोनशे प्रती. लगेच."

मी कागद काचेवर पालथा घातला, आकडा दाबला. मशीन सुरू झालं. झेरॉक्सवाल्याने कागद वाचायचे नसतात, ही माझी धंद्यातली शिस्त. चाळीसेक प्रती झाल्यावर ट्रेमधला गठ्ठा सारखा करताना नजर पडली. वर ठळक अक्षरांत "अनुभवी कर्मचाऱ्याचे मत". खाली, जे जड होतं ते बसतं, जे बसतं ते घट्ट होतं. खेळाचा उल्लेख नव्हता. उलट भाषण हे शब्द नव्हते. शेवटी मामाचा हुद्दा आणि तेवीस वर्षं.

मशीन थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. शिपाई समोर उभा होता, कारखाना माझं निम्मं गिऱ्हाईक होता, आणि मला वाटलं, संध्याकाळी मामाला सांगू, तो निस्तरेल. दोनशेच्या दोनशे प्रती मी मोजून दिल्या. हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मामा भेटला नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या प्रत्येक दाराखाली एक प्रत होती, उरलेल्या कारखान्यात वाटल्या होत्या. मामा साहेबाकडे गेला. साहेबाने पुन्हा खुर्ची दिली. "शब्द तुमचेच आहेत ना, मंत्री? एक अक्षर बदललेलं नाही मी."

आठवड्याभरात सत्तावीस घरांनी अर्जावरची नावं काढून घेतली. सामान उचलायचं, परक्या खोलीत राहायचं, मुलांच्या शाळा, कुणाला हवंय ते. न हलायला कारण मिळालं की माणूस ते दोन्ही हातांनी घेतो. अठ्ठाविसावं नाव आईने काढलं.

मामा आणि मी तिच्याकडे गेलो. कागद तिने पावत्यांच्या डब्यात नीट घडी करून ठेवला होता.

"ताई, ते खेळातलं होतं," मामा म्हणाला. "तिथे विरुद्ध बाजूने लिहायचं असतं."

"म्हणजे खोटं लिहिलंस?"

"खोटं नाही. उलट."

"मला फरक नको सांगूस. बहिणीला इथे राहू दिलं असतं का, असं तू विचारलंयस. आणि मी तर इथेच राहतेय." आई शांतपणे भाजी निवडत होती. "लहानपणापासून तू माझ्याशी एकदाही खोटं बोललेला नाहीस. कपबशी फोडलीस तरी येऊन सांगायचास. मग आता मी काय समजू?"

संसदेला गप्प करणारा माणूस, स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिला.

त्याच दिवशी तो आपली वळकटी घेऊन आईकडे राहायला आला. रोज पहाटेच्या पाळीनंतर नालीतलं पाणी बाटलीत आणायचा आणि खिडकीत ठेवायचा. बाटलीवर तारखेची चिठ्ठी. आई कुरकुर करायची, घरात प्यायला बाटली उरली नाही म्हणून. मी रोज दुकान उघडण्याआधी तिथे जायचे आणि आधी खिडकीकडे बघायचे. एक, दोन, पाच, नऊ. सगळ्या नितळ. मला वाटायला लागलं, कदाचित भाषणातलंच खरं असेल. असं वाटायला किती बरं वाटतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा मामा खिडकीपाशी उभा होता. बाराव्या बाटलीच्या तळाला बोटभर करडा थर बसला होता. आई म्हणाली, "बाटली नीट धुतली नसशील."

मामाने दुसरी बाटली पुढे केली. तो पुन्हा जाऊन आला होता. तीही तशीच.

"ताई, चपला घाल," मामा म्हणाला.

आईने डब्यातून तो कागद काढला, पालथा केला आणि पेन त्याच्या हातात दिलं. "माझ्यासमोर लिही. तुझ्या हाताने."

मामाने उभ्याउभ्या लिहिलं. "आधीचं मत माझं नाही. बांधातून गढूळ पाणी येत आहे. आजच्या आज घरं सोडा." खाली सही, वर तारीख. कागद भिंतीला टेकवला होता म्हणून ओळी वाकड्या आल्या. आईने वाचलं, औषधांची पिशवी उचलली आणि चपला घालून बाहेर पडली. मामा कचेरीला फोन लावत होता. तिकडून कुणीतरी सांगत होतं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप ठेवा.

मी तो कागद घेऊन पळत दुकान गाठलं. सत्तावीस प्रती काढल्या. या वेळी प्रत्येक प्रत वाचली, जणू वाचल्याने मागचं फिटणार होतं. आणि वस्तीत येऊन दारं ठोठावायला लागले. पहिल्या घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने कागद घेतला आणि मुलगा आल्यावर बघतो म्हणाला. तिसऱ्या घरची बाई मुलाला कडेवर घेऊन लगेच निघाली. पुढच्या तिन्ही घरी म्हणाले, जेवणं उरकून बघतो.

सातव्या घरी शिलाईकाम करणारी मावशी राहायची, आईची मैत्रीण. तिने मशीन थांबवलं, चष्मा चढवला. भिंतीवर टाचणीने लावलेला आधीचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून शेवटपर्यंत वाचले. तिच्या उंबऱ्यापाशी फरशीच्या सांध्यातून पाणी आलं होतं. मी वाकून बघितलं. करडं होतं.

"मावशी, चला. आई गेली पुढे."

"थांब गं. दोन्ही त्यानेच लिहिलंय ना?" तिने पहिला कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "हे कसं समजावून सांगितलंय बघ. आणि हे दुसरं नुसतंच घाईघाईने खरडलंय." तिने दुसरा कागद घडी करून मला परत दिला. "मला पहिलंच पटतं."

तिने मशीन सुरू केलं. अजून वीस दारं बाकी होती.