मास्कमागचे ओठ

आमच्या भिवंडीत कुणाला कमी ऐकू यायला लागलं तर कुणी डॉक्टरकडे धावत नाही. 'लूमवाल्यांचे कान, चालायचंच,' म्हणतात आणि तेच वाक्य पुन्हा ओरडून सांगतात. मीही तेच केलं. कोन गावात आमच्या घरामागेच आठ लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे; आमचे हे तिथेच लूम चालवतात. लग्न होऊन आले त्या वर्षीच मी कांड्या भरायला बसले, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या भरायच्या आणि लूमपाशी नेऊन द्यायच्या. अठ्ठावीस वर्षं तो खडखडाट सोसल्यावर उजवा कान बसला, तर त्यात मला काही नवल वाटलं नाही. फोन डाव्या कानाला लावायला लागले, इतकंच. मग चालताना तोल जायला लागला. एकदा भरल्या हंड्यासकट उंबऱ्यात आदळले, तेव्हा कुठे आमचे हे मला ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. लूमचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. कानाच्या नसेवर गाठ वाढत होती आणि वाढता वाढता ती मेंदूला टेकली होती.

"इतके दिवस का थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमी ऐकू येतं म्हणून यायचं, तर आमची सगळी आळी घेऊन यावं लागेल," मी म्हटलं. ते काही हसले नाहीत.

गाठ साधी होती, पण काढायलाच हवी होती. उजवा कान कायमचा जाणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग भूल आणि ऑपरेशन यांत क्वचित काय काय होऊ शकतं त्याची यादी वाचून दाखवली. ती ऐकून आमचे हे पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "क्वचित म्हणतायत ना, मग सही करा." मला काय माहीत, ते क्वचित माझीच वाट बघत बसलं होतं!

शुद्ध आली तेव्हा सगळीकडे शांतता होती. पहिला विचार मनात आला तो हा, की लाईट गेली. कारखान्यात अशी शांतता फक्त लाईट गेल्यावरच होते. पण डोळ्यांसमोर दिवा तर चालू होता. तोंडात नळी होती आणि नळीभोवती माझीच जीभ, सुजून सुजून तोंडात न मावणारी. माझ्यासारख्या फटकळ बाईची जीभ सुजावी, म्हणजे देवालाही गंमत सुचते कधी कधी. डॉक्टरांनी पुढे समजावलं, की बराच वेळ मान वळवून निजवलं होतं, त्यामुळे जिभेतलं रक्त नीट परत फिरेना. सूज ओसरेपर्यंत नळी काढणं धोक्याचं होतं.

पण खरी भानगड वेगळीच होती. डाव्या कानाने, चांगल्या कानानेही, मला काही ऐकू येत नव्हतं. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब ऑपरेशनमध्ये कमी होतो, त्याने क्वचित दुसराही कान काही दिवस बंद पडतो म्हणे. हे इतकं क्वचित, की त्यांच्या यादीतसुद्धा नव्हतं. आठवडाभरात कान हळूहळू उघडला आणि आज मी त्याच कानाने शेजारणींच्या कागाळ्या अगदी नीट ऐकते. पण त्या सकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, लूमवाली बाई ना तू, ओठ वाचायचेस. खरं आहे. चालू लूमच्या गोंगाटात आम्ही आवाज वापरतच नाही. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, जोडीला बोटांच्या खुणा. आमच्या ह्यांच्याशी मी अर्धा संसार तसाच केला आणि भांडणं तर बहुतेक सगळीच. पण आयसीयूत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. डॉक्टर यायचे, मास्कचं कापड हलायचं, ते थांबायचे, पुन्हा कापड हलायचं, मग मान हलवून निघून जायचे. मला ऐकू येत नाही हे सांगायला मी कानाकडे हात नेला. सिस्टरला वाटलं, बाई बँडेज ओढतेय. तोंडाकडे नेला, तर वाटलं नळी उपटतेय. दोन्ही हात पलंगाला बांधले. मग मी बोटांनीच कारखान्यातल्या खुणा करत राहिले. त्या कुणाला कळणार? त्यांना वाटलं, डोकं बिघडलंय.

मला भीती वाटली. मी आत पूर्ण शाबूत होते आणि ते सांगायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

बाहेर काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, "त्यांना सांगितलेलं काही कळत नाहीये. स्कॅनमध्ये थोडं रक्त दिसतंय. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर डोकं पुन्हा उघडावं लागेल."

मग ह्यांना आत सोडलं. निळा डगला, तोंडावर मास्क. ते पायाशी उभे राहिले, मास्क हलला. मी डोळे फाडून त्या कापडाकडे बघत राहिले. माझी ही नजर त्यांच्या ओळखीची होती. अठ्ठावीस वर्षं लूमच्या पलीकडून मी अशीच त्यांच्या तोंडाकडे बघत आले होते. त्यांनी एका झटक्यात मास्क हनुवटीवर ओढला. सिस्टर धावल्या. ह्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही आणि आवाज न काढता, ओठ मोठे करून विचारलं, "ऐकायला येतं का?"

मी डोळ्यांनी, बोटांनी, जे हलत होतं त्या सगळ्याने नाही म्हटलं.

"डॉक्टर, तिला ऐकायला येत न्हाय! ती शुद्धीत हाय!"

डॉक्टरांना एवढ्यावर पटेना. त्यांनी ह्यांना सांगितलं, तेही मला मागाहूनच कळलं, की ज्याचं उत्तर पेशंटलाच माहीत असेल असं काही विचारा. सिस्टरने माझा उजवा हात सोडला. आमचे हे जरा घुटमळले. मग त्यांचे ओठ सावकाश हलले, "खारबावच्या ताईशी सहा वर्षं आपलं येणं-जाणं न्हाय. तिच्या पोरीच्या हळदीत ते भांडण कुणी लावलं?"

सगळ्या भावकीत त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. ताई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्याच नावाने बोटं मोडत होती आणि मी सहा वर्षं कंठशोष करून थकले होते. मी हात उचलला आणि बोट सरळ त्यांच्या छातीवर रोखलं.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. मास्क अजून हनुवटीवरच होता, म्हणून ह्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द वाचता आलं.

"बरोबर हाय, डॉक्टर. मीच लावलं होतं. ती पहिल्यापासून तेच सांगते. मीच कबूल करत न्हवतो."

ते रडत होते. डॉक्टरांनी सिस्टरला माझा दुसराही हात सोडायला सांगितलं.