जे टेपमध्ये नाही

"ह्या कानले सांग भो. तो कान मी सासरले ठी उनू."

अक्काशी कोणी पहिल्यांदा बोलायला गेलं की ती डावा कान पुढे करून आपल्या अहिराणीत हेच म्हणायची, की दुसरा कान मी सासरी ठेवून आले. ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळत नसे, आणि त्याची ती पंचाईत पाहून अक्का स्वतःच खो खो हसायची. उजव्या कानाचा पडदा नवऱ्याच्या थपडेनं फाटलेला होता. पण हे आधी सांगून समोरच्याला रडवायचं, असला प्रकार तिच्यात नव्हता.

मी तेव्हा जळगावात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचो. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. खांद्यावर तो धोंड्यासारखा कॅमेरा, हातात हॅलोजन, मागे वायरचं भेंडोळं. तुम्ही त्या काळातली लग्नं पाहिली असतील तर माझ्यासारखा एखादा घामाघूम इसम नवरदेवाला "इकडे बघा, हसा" म्हणताना नक्की पाहिला असेल. आमच्या धंद्याचा एकच नियम होता. मांडवात मानपानावरून जुंपली की कॅमेरा बंद. भांडण विकत घेऊन कपाटात कोण ठेवणार? हा नियम माझ्या बोटांत इतका मुरला होता की कोणी आवाज चढवला की अंगठा आपोआप बटणावर जायचा.

धुळ्याच्या एका महिला संस्थेच्या ताई माझ्याकडे आल्या. नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून बाहेर पडलेल्या बायकांवर त्यांना माहितीपट करायचा होता. मुंबईचा कॅमेरामन परवडत नव्हता, म्हणून मी. लग्नाचा हंगाम संपत आला होता, मी हो म्हणालो. खरं सांगतो, समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं.

अक्का धुळ्यात एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. पन्नाशीची वाटायची, होती चाळिशीची. तिच्या खोलीत कॅमेरा लावला. मी सवयीनं म्हणालो, "अक्का, जरा मोकळं बसा." ती म्हणाली, "मोकळीच शे मी आते. सात वरीस व्हयनात."

ताईंनी विचारलं, "दारू प्यायचा का?"

"दारू? दूध पेस तो. दोन येळ."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. बाजारात काय काय घेतलं ते सांगावं, तशा आवाजात. मुसळानं मारलं तेव्हा दोन बरगड्या गेल्या. चुलीतलं जळतं लाकूड मांडीला लावलं, ते कातडं अजून चुरगळलेलं होतं. एकदा बैलाच्या खुंट्याला बांधून डोळ्यांत तिखट टाकलं, आणि सासूनं वर सांगितलं, पाणी देऊ नका. "मीठ जास्ती व्हयनं तं मारे. कमी व्हयनं तं मारे. बरोबर व्हयनं तं म्हने, आज बोलत का नही?" एवढं म्हणून ती हसली. कॅमेरा हलला. तिनं मलाच पाणी आणून दिलं.

शेवटच्या मारात पोटातलं मूल गेलं. त्या दिवशी नवऱ्यानं तिला केस धरून रस्त्यावर आणून टाकलं आणि दहा वर्षांची मुलगी घरात ठेवून घेतली. पुढे गावात उठवलं की ती कुणाबरोबर पळून गेली. मुलीलाही तेच सांगितलं. भेटायला गेली की दगड यायचे. आता मुलीचं लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या घरात ठरत होतं. त्या आत्याच्या हातचा मार अक्कानं स्वतः खाल्ला होता, आणि आत्याचा मुलगा मामावर, म्हणजे अक्काच्या नवऱ्यावर गेलेला.

"मन्ही पोरले मन्हा तोंडनं आयकाडनं शे," ती म्हणाली. "तठे जाईसन. बठ्ठी गल्ली बाहेर येवाले जोयजे."

सासरच्या गावी, भर गल्लीत जाऊन बोलायचं म्हटल्यावर ताई घाबरल्या. "अक्का, इथेच बोला ना. आपण नंतर दाखवू."

"आठे घरमा बठीसन सांगसू तं आयकी कोन? मी बोंबलू तव्हय त्यासनी दारं लाई लिन्हात. ह्या भोना कॅमेरा देखीसन उघाडतीन."

तिचा अंदाज किती बरोबर होता, हे मला विचारा. खेड्यात आमचा कॅमेरा शिरला की म्हातारी माणसंसुद्धा टोपी झटकून ओट्यावर येऊन बसायची. कॅसेटमध्ये आपण दिसलो पाहिजे, बस.

भाड्याच्या जीपनं आम्ही त्या गावी गेलो. अक्का डोक्यावरून पदर ओढून आत बसून राहिली. मी खाली उतरलो आणि भर दुपारी हॅलोजन पेटवला, कारण लाइट लावल्याशिवाय लोकांना शूटिंग वाटत नाही. पाच मिनिटांत गल्ली भरली. मुलीची सोयरीक ठरतेय हे सगळ्यांना माहीत होतं. पाहुण्यांनी शूटिंगवाला पाठवला असंच त्यांनी धरलं, आणि मी खुलासा केला नाही. बायका जरीची लुगडी नेसून आल्या. कुणी पावडर थापली. वीज तर अक्काच्या सासूनंच दिली. आपल्या ओट्यावरची पिन काढून माझी वायर आत घेतली आणि खुर्ची टाकून समोर बसली. मुलगी दारात आली. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, पाहताक्षणी अक्काची वाटावी अशी हनुवटी.

मी कॅमेरा सुरू केला. अक्का जीपमधून उतरली आणि लाइटात येऊन उभी राहिली. पदर खाली घेतला.

गल्लीत कोणी हललं नाही. आत जावं तर पळताना कॅमेऱ्यात दिसणार, थांबावं तर ऐकावं लागणार. नटूनथटून आलेली ती माणसं जागच्या जागी अडकली. अक्का एकेकाकडे बोट करून बोलत होती. तू भिंतीपलीकडे होतीस. तू घराला चुना लावायला आला होतास आणि मी खुंट्याला बांधलेली तुला दिसले. तुझ्या ओट्यावर माझं रक्त पडलं, तू शेणानं सारवलंस. ऐकणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. मग ती मुलीकडे वळली.

"बेटा, मी पळी नही गऊ. माले मारीसन काढं. तू जठे जाई राह्यनी तठे बी हाऊच हात शे."

मुलीनं आजीकडे पाहिलं. आजीची नजर तिच्यावरून हलली नाही.

"मी हाई बाईले वळखत नही," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात अक्काचा नवरा आतून आला. धोतर स्वच्छ, कपाळाला गंध, हातात कुऱ्हाडीचा दांडा. तो ओरडला आणि माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. कॅमेरा बंद. लाइटही मीच बंद केला. मांडवातलं भांडण झाकावं तसा.

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी तीन हातांवरून ऐकला. दुसरा पाठीत. ती गुडघ्यावर आली, तरी मुलीकडेच बघत होती. तिसरा तोंडावर बसला आणि दोन दात मातीत पडले. मग ताई मध्ये घुसल्या, त्यांच्या मनगटावर चौथा बसला, आणि तेव्हा कुठे जीपवाल्यानं आणि मी मिळून त्याला मागे ढकललं. हो, तेव्हा. चौथ्या फटक्यानंतर. गल्लीतलं कोणी पुढे आलं नाही. सासू खुर्चीत बसलेलीच होती.

धुळ्याला दवाखान्यात खांद्याला प्लॅस्टर घालून तिला कॉटवर झोपवलं होतं. मी जवळ गेलो. सुजलेल्या तोंडातून तिनं विचारलं, "उनं का त्यामा?"

"नाही अक्का. मी बंद केला."

तिनं डावा कान माझ्याकडे वळवला.

"लगनमा भांडण व्हयनं तं तू काय करस?"

"बंद करतो."

"मंग तू लगनंच कर भो," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत, त्यातली एकही या वाक्याइतकी लागली नाही. कारण पुढे जे झालं ते माझ्या त्या अंगठ्यामुळे झालं. पोलीस जबाब घ्यायला गेले तेव्हा अख्ख्या गल्लीनं सांगितलं की बाई परत जीपमध्ये चढताना पडली. ताई आणि मी सांगितलं, पण आम्ही तर तिचीच माणसं. टेप तेवढी आमच्याकडे होती, आणि टेपमध्ये तो दारातून येताना दिसत होता, बस. तो सुटला. महिन्याभरात मुलीचं लग्न आत्याकडे लागलं.

फिल्म जोडताना ताईंनी त्या जागी मिनिटभराचा काळा पडदा ठेवला, आणि त्यापुढे मी नंतर दवाखान्यात घेतलेलं शूटिंग. आम्ही गावोगाव टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन फिरायला लागलो. शिरपूरकडची गावं, असोद्याच्या बाजूची गावं. अक्का स्वतःहून यायची. माझ्याशी दोन महिने बोलली नव्हती. मग एक दिवस जीपमध्ये माझ्या शेजारी बसून तिनं मला कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला, आणि मी खाताना रडलो. ती म्हणाली, "तिखट शे का?" तो विषय तिथेच संपला.

पडदा काळा झाला की ती उठायची, टीव्हीसमोर उभी राहायची. "जे ह्यामा नही ते आते मी सांगस." पदर बाजूला करून वाकडं जुळलेलं हाड दाखवायची, पहिला फटका कुठे, दुसरा कुठे. आवाज कधी चढवायची नाही. कुठल्या तरी कोपऱ्यातली बाई हळूच मुसमुसायला लागे. अक्का तिच्याजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, "कितला दिन व्हयनात?" अशा बायका तिच्या मागोमाग धुळ्याला आल्या. स्वतःच्या मुलीचं नाव मात्र ती घेत नसे. प्रत्येक गावात फिल्म सुरू होण्याआधी एकदा सगळ्या बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवायची, एवढंच.

चार वर्षं असं चाललं. मग ती काविळीनं गेली. त्याच्या हातानं मेली नाही याचं मला बरं वाटलं, आणि एवढ्यावर बरं वाटून घ्यावं लागतं याची चीडही आली. दहाव्याला जिनिंगच्या बायका आल्या. सासरच्या गावाहून कोणी आलं नाही.

तिच्यानंतर फिल्म दाखवणं मला जड जायचं. काळा पडदा यायचा आणि मिनिटभर कोणी बोलायचं नाही. ताई म्हणाल्या, तू सांग. मी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. तिथे मी कसला साक्षीदार? मी तर लाइट बंद करणारा.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही एका गावी गेलो. दुपारची वेळ, शाळेची खोली, खिडक्यांना घोंगड्या बांधलेल्या. चाळीसेक बायका जमिनीवर बसल्या होत्या. फिल्म तिथवर आली आणि पडदा काळा झाला.

मागच्या भिंतीजवळून एक बाई उठली. काखेत पिशवी, पदर कपाळापर्यंत. पदराखाली डावा डोळा सुजून मिटलेला होता.

"मी व्हतू तठे," ती म्हणाली. "कुऱ्हाडना दांडा व्हता. पहिला खांदावर मारा. दुसरा पाठवर. तिसरा तोंडवर, दोन दात पडनात. ती मन्हाकडे देखी राह्यनी व्हती." ती थांबली. "मी म्हनं, मी हाई बाईले वळखत नही. ती मन्ही माय व्हती."

पडद्यावर दवाखाना आला, प्लॅस्टर घातलेली अक्का आली. मुलगी उभीच राहून बघत होती. ताईंनी तिला हळूच सांगितलं की आई आता नाही. तिनं मान हलवली, तिला माहीत होतं.

फिल्म संपली, बायका उठून गेल्या. मी वायर गुंडाळत होतो. ती पिशवी छातीशी धरून माझ्याजवळ आली.

"भाऊ," तिनं विचारलं, "धुळानी गाडी कव्हय शे?"