काळं पुसलेलं तबक

"उघडं दाखवा."

हे वाक्य तोंडातून निघण्याआधीच उस्तादांचा हात खिशात गेलेला असे. खिशातून टर्पेंटाइनचा वास मारणारं एक फडकं निघे. समोरच्याने महिनोन् महिने ठोकून केलेलं पितळी ताट ते मांडीवर घेत, त्यातलं सगळं काळं पुसून काढत आणि उजव्या अंगठ्याचं नख एकेका रेघेवरून फिरवत. नख अडखळलं की थांबत, वर बघत आणि म्हणत, "इथे मेली." मग नख पुढे निघे.

हे काळं काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. उस्ताद मूळचे इस्फहानचे. धातूवर नक्षी कोरण्याच्या त्यांच्याकडच्या कलेला कलमजनी म्हणतात. कलम म्हणजे बोटभर लांबीची पोलादी छिन्नी. ताटाच्या पाठीला गरम डांबराचा जाड थर द्यायचा, म्हणजे घाव बसला तरी पत्रा वाकत नाही. मग हातोडीने टकटक करत फुलं, वेली, पक्षी कोरायचे. शेवटी डांबर सोडवायचं आणि तेलात कालवलेली काजळी ताटभर चोळून वरवरची पुसून घ्यायची. रेघांत उरते ती तिथेच वाळते आणि नक्षी उठून दिसते. तिच्याखाली बारीकसारीक चुकाही झाकल्या जातात, आणि उस्तादांचा जन्माचा राग होता तो यावर.

ते न्युरेम्बर्गला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. आमच्या केलरशेजारी, म्हणजे तळघरातल्या सामानाच्या खोलीशेजारी, त्यांचं केलर होतं. लोक तिथे सायकली आणि जुन्या गाद्या ठेवतात. यांनी तिथे ऐरण, डांबराचं पातेलं आणि तीन स्टुलं ठेवली होती. दर शनिवारी ते तिथे शिकवायचे. दुपारच्या रूहत्साइटला, म्हणजे शांततेच्या वेळेत, हातोडी बंद ठेवायचा नियम मात्र ते काटेकोर पाळत. त्या वेळात ठोकता येत नसे म्हणून बोलून घेत, आणि ते जास्त लागे.

मी एका कंपनीत साचे डिझाइन करते. धातू आपल्याला कळतो असा माझा समज होता, म्हणून हौसेने गेले. मला ते "फ्राऊ इंजिनिअर", म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणायचे आणि त्यात कौतुकाचा लवलेश नसायचा. पहिल्या वर्षी मी एक डाळिंबाचं फूल केलं. फारच जीव लावला होता मी त्यात. एका पाकळीवर कलम घसरलं होतं, तिथे काजळी जरा जास्त चोळली. उस्तादांनी पुसलं, नख फिरवलं, पाकळीपाशी थांबले.

"आल्झो, तर मग फ्राऊ इंजिनिअर, इथे काय पुरलंय?"

"जरा हात घसरला, उस्ताद."

"घसरला ते दिसतंय. पुरलं का, ते विचारतोय."

त्यांनी ताट दगडावर पालथं घातलं, लाकडी मोगरी उचलली आणि पाठीवर असे घाव घातले की फुलाची उरली ती नुसती पोचे आलेली चकती. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "पितळ चांगलं आहे. परत वापरा." मी जिना चढून घरी आले आणि बाथरूमचं दार लावून रडले. तरी पुढच्या शनिवारी परत गेले. का गेले ते मला आजही धड सांगता येणार नाही. त्यांच्यासारखी रेघ मी दुसऱ्या कुणाच्या हातून निघताना पाहिली नव्हती, एवढंच.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्याची विद्या खरी असते आणि तिच्या जोरावर जो सगळ्यांना तुडवत जातो. लोक त्याला कडक म्हणतात. मी उस्तादांना कडक म्हणणार नाही. ते दुष्ट होते. नख अडखळलं की त्यांच्या डोळ्यांत एक आनंद यायचा, तो मी स्वतः पाहिलाय.

नव्या विद्यार्थ्याला ते एक गोष्ट हमखास सांगत. त्यांची मुलगी शाळेत असताना तिने नवरोजच्या सणाला वडिलांसाठी गुपचूप एक तबक केलं होतं. गुलाबाच्या फांदीवर बुलबुल. पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. उस्तादांनी सगळ्यांसमोर फडकं काढलं, काळं पुसलं. बुलबुलाच्या मानेवर एका जागी घाव दोनदा पडला होता. ते तबक त्यांनी पाहुण्यांत फिरवलं, प्रत्येकाला ती जागा नखाने दाखवली आणि मग मोगरी घेतली.

"पोटच्या पोरीलाही सोडलं नाही मी," ते छाती पुढे काढून म्हणायचे. "तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. गेनाऊ, अगदी माझ्यापेक्षा! त्या दिवसापासून तिने कलम धरलं नाही. आता फ्युर्थला लॅबमध्ये लोकांचे खोटे दात बनवते."

हे ऐकून आपण हसावं अशी त्यांची अपेक्षा असायची. कुणी हसत नसे. फ्युर्थ इथून मेट्रोने काही मिनिटांवर आहे, पण ती मुलगी मी कित्येक वर्षांत आमच्या दारात पाहिली नव्हती.

मग एका हिवाळ्यात उस्ताद वर्गात हातोडी उचलेनासे झाले. "आज तुम्ही करा, मी बघतो," म्हणायचे. चहाचा पेला दोन्ही हातांत धरायचे. कुणी बघितलं की म्हणायचे, "काय थंडी आहे!" ऑगस्ट आला तरी त्यांना थंडीच वाजत होती. आम्ही समजायचं ते समजलो. विचारायची हिंमत कुणाची?

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. चाळिशी उलटल्यावर, एका जर्मन शिक्षकाशी. तिने वडिलांना फोन केला. ही बातमी सांगायला उस्ताद चक्क वर आमच्या घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

"आमच्याकडे लग्नात वधूवरांपुढे मांडणी करतात, तिच्या मधोमध तबक लागतं," ते म्हणाले. "मी करतो म्हणालो. ती म्हणाली, बघू. न्यायला स्वतः येणार आहे."

"काय कोरणार, उस्ताद?"

"बुलबुल," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता उठून गेले.

त्या शरद ऋतूत शनिवारचे वर्ग बंद झाले. केलरचं दार आतून लावलेलं असायचं. आतून टक, टक, मग बराच वेळ काही नाही, मग परत टक. मी सायकल काढायला जायची तेव्हा थांबून ऐकायची. पूर्वी त्यांची हातोडी शिवणयंत्रासारखी सलग चालायची. त्यांना मुलीची क्षमा हवी होती, आणि मागायची तर एकच भाषा येत होती. ती भाषा ज्या हाताची होती तो हात आता त्यांचं ऐकत नव्हता.

मुलगी रविवारी येणार होती. गुरुवारी उस्ताद तबक घेऊन वर आले. काजळी भरून झाली होती, पण त्यांच्या घरचं हायट्सुंग, म्हणजे खोली गरम ठेवणारा भिंतीलगतचा रेडिएटर, बंद पडलेलं. दुरुस्तीवाला हांडवेर्कर पुढच्या आठवड्यात येणार म्हणे. गार ओल्या हवेत तेल वाळेना. तबक आमच्या हायट्सुंगवर ठेवू का, असं त्यांनी विचारलं. उस्तादांनी मला काही विचारलं असं पहिल्यांदाच घडत होतं.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. फडकं खिशात होतं, पण "उघडं" हा शब्द त्यांनी काढला नाही. काळं मला जरा जास्त वाटलं. रेघेबाहेरही सावलीसारखं पसरलेलं होतं. मला वाटलं, असेल काही नवी तऱ्हा.

तेव्हा माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. दिवसभर घरात एकट्या. हात रिकामे बसले की त्यांना बरं वाटत नाही. मी त्यांना सांगितलं, "आई, ते हायट्सुंगवरचं तबक आहे ना, ते राहू द्या हं."

आता, ज्या घरात सून आणि सासू एकत्र राहिल्यात तिथल्या कुणालाही विचारा. "आई, भांडी राहू द्या", "आई, भाजी राहू द्या" असं सुनेने म्हणायचं असतं आणि सासूने ते काम हटकून करायचं असतं. सून तोंडदेखलं म्हणते, हे दोघींनाही ठाऊक असतं. तिथे मी तेच शब्द वापरले.

रविवारी मी फेरफटका मारून घरी आले, तर टेबलावर तबक लखलखत होतं. आईंनी चिंच भिजवली होती, मीठ घेतलं होतं, काथ्याच्या घासणीने गरम पाण्यात साग्रसंगीत घासलं होतं.

"किती राप चढला होता गं," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "आता बघ, देवापुढे ठेवण्यासारखं झालंय."

मी तबक खिडकीपाशी नेलं. उघड्या पितळेत सगळं दिसत होतं. गुलाबाच्या पाकळ्यांना कापरं भरलं होतं. फांदी तीन ठिकाणी तुटली होती. आणि बुलबुलाच्या मानेवर घाव नुसते एकावर एक पडले होते. उस्तादांनी पुरलं होतं सगळं! खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. माझं डाळिंबाचं फूल आठवलं. दुसऱ्या क्षणी बेल वाजली.

दारात उस्ताद होते आणि त्यांच्या मागे त्यांची मुलगी. तिचे केस पिकायला लागले होते. डोळे बापाचे.

उस्तादांनी तबक पाहिलं आणि ते आईंवर ओरडले. जर्मन आणि फारसी एकत्र. आईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत गं ते?"

"त्यांचं काम तुम्ही मारून टाकलंत म्हणतायत, आई."

"मारलं? मी? अहो, तुमचं काळं निघालंय नुसतं!" त्या थेट उस्तादांनाच मराठीत म्हणाल्या. "नक्षीला मी धक्कासुद्धा लावलेला नाही. होती तशीच आहे!"

मी हे भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. मुलीने तबक उचलून खिडकीपाशी नेलं होतं आणि तिच्या उजव्या अंगठ्याचं नख रेघेवरून चाललं होतं.

"इथे मेली," ती म्हणाली. नख पुढे गेलं. "इथेही." मग मानेपाशी ती थांबली. "इथे दोनदा मारलंय, बाबा."

एवढा वेळ ओरडणारा माणूस दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसून उभा राहिला. खिशांचं कापड हलत होतं.

"तासभर दे," ते शेवटी म्हणाले. "काळं परत भरतो."

"नको."

"लोक येतील लग्नाला. सगळे बघतील."

"बघू देत."

उस्तादांनी मान खाली घातली. "मग मोगरी खाली आहे," ते म्हणाले. "जा, घेऊन ये."

मला वाटलं ती जाणार. तिचा एक पाय दाराकडे वळलाही होता. पण तिने तबक छातीशी धरलं आणि आईंकडे वळून विचारलं, कशाने घासलं? मी सांगितलं. आईंनी लगबगीने फडताळातून चिंचेचा गोळा काढला, कागदात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. वर आणखी, "मीठ जाडं घे म्हणावं," असंही बजावलं.

लग्नाला आम्ही गेलो होतो. मांडणीत मधोमध ते तबक होतं, उघडं, लखलखीत. इस्फहानची जुनी माणसं वाकून बघत, मग उस्तादांकडे बघत, मग दुसरंच काही बोलायला लागत. उस्ताद समोरच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. कुणी "वाहवा" म्हटलं नाही. जेवणानंतर मुलीने त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला, स्वतःच्या हातात धरला आणि तो थरथरणारा हात तसाच सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, तिने सोडला नाही. तो दिवस त्यांना फार जड गेला असणार.

पुढच्या वसंतात उस्ताद गेले. केलर रिकामं करायला इमारतीच्या व्यवस्थापनाने माणसं पाठवली. ऐरण उचलवेना म्हणून ती माणसं फार चिडली होती. आता तिथे कुणाचे तरी हिवाळी टायर असतात.

मी अधूनमधून फ्युर्थला त्यांच्या मुलीकडे जाते. जाताना भारतीय दुकानातून चिंच नेते, तीच सांगते तशी. पितळ नुसतं ठेवलं तर आपोआप काळवंडतं; वर्षभरात रेघा भरून आल्या असत्या आणि चुका पुन्हा झाकल्या गेल्या असत्या. ती तसं होऊ देत नाही. आईंनी शिकवलं तसं जाड्या मिठाने घासते आणि बुलबुलाच्या मानेपाशी आली की लॅबमधला दातांचा बारीक ब्रश घेते.

तबक तिच्या जेवणाच्या टेबलाजवळ भिंतीवर लावलेलं असतं. नवा पाहुणा आला की ती ते काढून त्याच्या हातात देते. त्याचं बोट धरून मानेवरच्या त्या जागी नेते. "इथे त्यांनी दोनदा मारलंय," म्हणते. पाहुणा अवघडून बोट काढून घेतो. तिचं मात्र तिथेच असतं.