उतारावरची तीनशे झाडं

माझा मोठा भाऊ जंगलखात्यात झाडांची मोजणी करायचा. उतारावरच्या तीनशे झाडांना नंबरांचे पत्रे ठोकलेले. दरवर्षी त्याच महिन्यात प्रत्येकाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची, घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. कचेरीत त्याला फुटपट्टी म्हणायचे. चिडवायचे खरे, पण दादानं लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हेही तेच सांगायचे.

मी त्याच कचेरीच्या मागच्या खोलीत माती तपासते. खोली कसली, एक बेसिन, दोन टेबलं आणि बारमाही ओली भिंत. माती वाळवायची, चाळायची, पाण्यात कालवायची आणि यंत्रावर तिचा आंबटपणा बघायचा. डोंगरापलीकडे वीजकेंद्राची धुरांडी आहेत. त्यांचा धूर ढगांत मिसळतो, आमच्या उतारावर आंबट पाऊस पडतो आणि मातीतलं चुन्याचं सत्त्व धुऊन नेतो. त्यात हल्लीचे उन्हाळे असे की मुळं भाजून निघावीत. माती बिघडतेय, असं माझं यंत्र सहा वर्षं सांगत होतं. चुनखडीची भुकटी टाका, नाहीतर झाडं जातील, असा शेरा मी दरवर्षी लिहायची.

आणि मग दादाची वही बघायची. झाडं वाढतायत. तीनशेच्या तीनशे, अगदी दरवर्षीच्या हिशेबानं. माती मरतेय तर झाडं वाढतील कशी? म्हणजे माझंच यंत्र चुकतंय, दादा कसा चुकेल? त्यानं मला सायकल शिकवली, गणित शिकवलं, ही नोकरीही त्याच्याच शब्दावर मिळाली. मी शेरा खोडायची आणि लिहायची, 'यंत्र तपासून घ्यावे.' असं सहा वेळा लिहिलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

यंदा वाऱ्यानं एकशे चौदा नंबरचं झाड पडलं. लाकूडतोड्यांनी बुंधा करवतीनं कापला तेव्हा मी तिथेच होते. आतली वर्तुळं चांगली ठसठशीत होती, पण सालीजवळची शेवटची सहा इतकी बारीक की सुई टोचून मोजावी लागली. सहा वर्षं झाड जेमतेम जगत होतं. दादाच्या वहीत मात्र ते मजेत जाडजूड होत होतं.

लाकडाची चकती घेऊन मी तडक त्याच्या घरी गेले. तो जेवत होता. मी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"दादा, हे काय आहे?"

त्यानं सालीजवळ बोट फिरवलं. मग हात धुतला आणि परत येऊन बसला.

"त्या वर्षी घेर वाढलेला दिसेना. काही झाडांचा तर कमीच भरला. झाड कधी आटतं का गं? मला वाटलं, माझा हात सैल पडला, नजर गेली. म्हणून मागच्या आकड्यात नेहमीची वाढ मिळवली."

"सहा वर्षं?"

"एकदा फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी कमी कसा करणार?"

"अरे, मला विचारायचंस तरी."

"तुझ्या कागदावर होतं ना, यंत्र तपासा म्हणून. मी म्हटलं, माती ठीकच असणार."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं," एवढं म्हणून ती आत गेली. मला इतका राग आला होता की रडायलाही येईना.

दुसऱ्या दिवशी दादानं साहेबांना सगळं सांगितलं. मीही माझे खोडलेले शेरे पुढे केले. साहेबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी उतारावर चार ठिकाणी खणायला लावलं. बारीक मुळं काळी पडून कुजली होती.

"सहा वर्षांपूर्वी चुनखडी पडली असती तर यातली बरीच वाचली असती," ते म्हणाले. "आता ती पलीकडच्या उतारावर टाकू. ही झाडं दोन महिन्यांत तोडायची."

दादाकडून वही काढून घेतली. तेव्हापासून तो रोज सकाळी चुनखडीचं पोतं खांद्यावर घेऊन त्याच तीनशे झाडांचा उतार चढायला लागला. "बैल गेला आणि झोपा केला," वहिनी म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्याला तेल चोळत बसली. चुनखडी मातीत उतरायलाच वर्षं लागतात, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी तो माझ्या खोलीत आला, पिशवीतून मूठभर माती आणली होती. मी ती रीतसर तपासली. तोवर तो स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही फरक?"

माझ्या वहीत मी खरा आकडा लिहिला. आंबटपणा होता तिथेच होता.

"थोडा आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो दोन पोती घेऊन वर गेला.