युतुखाच्या पुढच्या ओळी

सोमवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या लॉन्ड्रीची पाटी दिसत नव्हती, नुसता गरम इस्त्रीचा वास येत होता. अशा हवेत चिकटवायचं सोल्यूशन वाळत नाही. फोमला लावलं की चिकचिकत राहतं, आणि घाईनं कापड ओढलं तर आत सुरकुती धरते; मग ती गिऱ्हाइकाला जन्मभर बुडाखाली टोचते. म्हणून सोफामामांनी चिकटवायचं काम बाजूला सारलं आणि दवाखान्यातल्या बाकाचं जुनं रेक्झिन सोलायला घेतलं.

सोफामामा हे नाव गल्लीनं दिलेलं. खाली दुकान, वर घर, मधे लोखंडी जिना. माणूस आडव्या हाडाचा, डोक्यावर एक केस नाही, आणि दिवसभर मुका. मुका म्हणजे स्वभावानं नव्हे. तोंडात बारीक खिळ्यांची मूठभर रास असायची. जिभेनं एकेक पुढं सारायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा, ठोकायचा. अशा तोंडानं बोलणार काय? दिवसभराचं साठलेलं सगळं संध्याकाळी वर, कुटुंबप्रार्थनेला बाहेर पडायचं.

प्रार्थना रोज व्हायची, जेवणाच्या आधी. गाणं बायको धरायची, शास्त्र, म्हणजे बायबल, मामा वाचायचे. कुठला अध्याय वाचायचा हे त्या दिवशी घरात कोण काय चुकलं त्यावर ठरायचं. भाजी खारट झाली की मागं वळून बघणारी लोटाची बायको मिठाचा खांब झालीच म्हणून समजा. मामा गंभीर तोंडानं वाचायचे, शेवटी पुस्तकावरून हळूच बायकोकडं बघायचे.

"तिनं मागं वळून तरी बघितलं," बायको म्हणायची. "मी लग्नाच्या दिवशी बघितलं असतं तर दारातनंच परत फिरले असते."

घरात मामांची थोरली बहीण होती, विधवा, उंचीनं बेताची. तिला सगळे अक्का म्हणत. कपाटावरच्या डब्याला तिचा हात पुरला नाही की त्या दिवशी बुटका जक्कय येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढणार. "अक्का, एक झाड लावू का घरात?" मामा विचारायचे.

"लाव की. तुझ्या डोक्यावर लाव. मोकळीच जागा आहे."

त्यावर दुसऱ्या दिवशी अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या पोरांचं अस्वलांनी काय केलं ते वाचून व्हायचं. अक्का हसून हसून पदर डोळ्यांना लावायची. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात प्रार्थना चालते की तमाशा. पण 'आमेन' सगळे मिळून म्हणायचे, आणि ते मनापासून असायचं.

त्या घरात उन्हाळ्यात लेक आणि जावई राहायला आले. जावई छापखान्यात मशीनवर होता, छापखाना बंद पडला. पुढं तो बरेच दिवस आजारी होता. काय आजार, तर लेकीनं सांगितलं, अशक्तपणा. मामांनी जास्त विचारलं नाही. जावई खाली दुकानात मदतीला यायचा, स्प्रिंगा बांधायला शिकला, गाठ चांगली मारायचा. संध्याकाळी मात्र टेबलाशी बसला की पहिल्या कडव्यालाच डोळे मिटायचे. बसायचाही नेमका खिडकीपाशी.

मामांना असा मोका म्हणजे काय सांगावं. त्यांनी प्रेषितांची कृत्यं काढली. पौल माडीवर उपदेश करतोय, मध्यरात्र झाली तरी थांबत नाही, आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या पेंगायला लागला. पेंगता पेंगता गाढ झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. 'मेलेला हाती लागला' असं म्हणून मामांनी पुस्तक फाडकन मिटलं. त्या आवाजानं जावई दचकून जागा झाला. अक्काला ठसका लागला, बायकोनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. जावईसुद्धा कसंनुसं हसला.

झालं, नाव चिकटलं. मामांनी ते लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, वाण्याला सांगितलं, रविवारी चर्चच्या दारात चपला काढता काढता गायनमंडळाच्या पेटीवाल्याला सांगितलं. अक्कानं महिला मंडळात सांगितलं. आणि घरी जावई पेंगला की मामा नुसतं ते पान उघडायचे, तेवढ्या ओळी वाचायचे, फाडकन मिटायचे.

कालच्या रविवारी पाळकसाहेबांनी जावयाला शास्त्रपाठ वाचायला दिला. लेकीनंच त्यांना विचारलं होतं. जावई इस्त्रीचा शर्ट घालून पुढं गेला, पुस्तक उघडलं, घसा साफ केला. तेवढ्यात पेटीवाला कुजबुजला, पण अर्ध्या चर्चला ऐकू जाईल असं, "युतुखभाऊ, खिडकी लावून घेऊ का?"

सगळ्यांच्या आधी मामा हसले. त्यांचं हसणं मोठं, पोटातून येणारं, ते चर्चच्या छताला लागून परत आलं. मग बाकीचे हसले. जावयानं पुस्तकावरून मान वर केली आणि एकट्या मामांकडं बघितलं. मग अध्याय शेवटपर्यंत वाचला, सपाट आवाजात, एक शब्द न चुकता. काल संध्याकाळी तो प्रार्थनेला वर आला नाही. खाली दुकानात बसून राहिला.

आता हे रेक्झिन सोलताना मामांच्या मनात तेच होतं, पण रुसवा आहे, जाईल, असं ते स्वतःला समजावत होते. तेवढ्यात लेक जिना उतरून आली. कामावर जायच्या कपड्यात होती.

"पप्पा, तोंडातले खिळे काढा."

मामांनी खिळे तळहातावर काढले.

"आम्ही खोली बघितलीय. एक तारखेला जातो."

"एवढ्याशा थट्टेवरून?"

ती बाकाच्या उघड्या लाकडावर बसली. आवाज चढवला नाही. "तो पेंगत नाही, पप्पा. त्याला गोळ्या आहेत, त्यांनी झोप येते. अशक्तपणा वगैरे काही नव्हता. छापखाना बंद झाल्यावर त्याला जगावंसं वाटत नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या खिडकीला मी कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात असायची, आंघोळीलासुद्धा."

मामांच्या तळहातावर खिळे ओले चमकत होते. त्यांना ते कुठं ठेवावेत कळेना.

"सांगायचं नाही का मला?"

"तोच नको म्हणाला. इथं यायचं पण त्यानंच ठरवलं. म्हणाला, तुझ्या घरी सगळे हसतात, तिथं जाऊ." ती उठली. "रोज तुम्ही त्याला खिडकीतून पाडत होता, आणि मी शेजारी बसून आमेन म्हणत होते. मला माझीच लाज वाटते. तुमचं तुम्ही बघा."

ती धुक्यात गेली. मामांनी ओले खिळे डबीत टाकले. कान तापले होते, जणू कुणी दोन्ही बाजूंनी थोबाडीत मारली होती. कालचं स्वतःचं हसणं त्यांना परत परत ऐकू येत होतं, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा मोठं वाटत होतं.

दुपारी घर रिकामं असताना ते वर गेले आणि शास्त्र उघडून बसले. माफी मागायची तर एखादं वचन हाताशी असावं, अशी त्यांची समजूत. पण पान उघडावं तिथं कुणीतरी बसलेलं. इथं बायकोचं मीठ. इथं अक्काचं झाड. बलामाच्या अडून बसणाऱ्या गाढवीवर लॉन्ड्रीवाल्याची खटारा स्कूटर. मथुशलहाच्या नऊशे वर्षांच्या वयावर घरमालक. इतक्या वर्षांत एकही पान त्यांनी धड ठेवलं नव्हतं. सगळ्या शास्त्राची त्यांनी घरातल्या लोकांना चिमटे काढायची सांडशी करून ठेवली होती. हे पुस्तक आपल्याला पाठ आहे असा त्यांना गर्व होता. पाठ होत्या त्या चेष्टा.

शेवटी युतुखाचं पान काढलं आणि, पहिल्यांदाच, जिथं पुस्तक मिटायचे तिथून पुढं वाचलं. पौल खाली उतरला. त्या पोरावर ओणवा झाला, त्याला कवेत घेतलं आणि लोकांना म्हणाला, गडबडून जाऊ नका, याच्यात जीव आहे. मामांनी ते बोट फिरवत दोनदा वाचलं. पोर झोपलं म्हणून शास्त्र त्याला एक शब्द बोललेलं नव्हतं. लांबलचक बोलत बसणारा वर होता, आणि तोच जिना उतरून आला.

संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. खिडकीपाशची खुर्ची रिकामी होती. मामांनी पुस्तक बायकोपुढं सरकवलं.

"आज तू वाच."

"का, चष्मा फुटला?"

"वाच गं. आणि अक्का, ते नाव आता घ्यायचं नाही. मंडळातल्या बायकांनाही सांग."

अक्कानं भावाचं तोंड बघितलं आणि गाण्याचं पुस्तक उघडलं. लेक ताटाकडं बघत होती. मामा जिना उतरले. लोखंडी पायऱ्या नेहमीसारख्याच वाजल्या, त्यांना मात्र वाटलं, सगळी गल्ली ऐकतेय.

जावई बाकाच्या सांगाड्यापाशी उकिडवा बसून पकडीनं जुने खिळे उपटत होता.

"मामा, वर प्रार्थना चालू असेल ना?"

"चालू आहे. आज तुमच्या सासूबाई वाचतायत."

"मग लवकर आटपेल."

मामा समोर बसले. पाठ करून आणलेलं वाक्य जिन्यातच सांडलं होतं. "काल मी हसलो," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी मीच."

"माहीत आहे. तुमचं हसू ओळखू येतं."

"तिनं सांगितलं मला. कुलपाचं."

जावयाचा हात थांबला. मग त्यानं अर्धवट आलेला खिळा पूर्ण ओढून काढला.

"मला माहीत नव्हतं, असं म्हणणार होतो," मामा म्हणाले. "पण ते खरं नाही. तुम्ही बरे नाहीत एवढं आंधळ्यालाही दिसत होतं. हसायला मिळत होतं, म्हणून मी विचारलं नाही."

 वरून बायकोचं भरभर वाचणं ऐकू येत होतं.

"पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं," जावई म्हणाला. "बरं वाटलं. म्हटलं, हे माझी थट्टा करतात, म्हणजे मी आजारी दिसत नाही. मग रात्री खोलीत मी तो अध्याय काढून पुढचं वाचलं. वाटलं, उद्या मामा हे वाचतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज वाचतील." त्यानं पकड खाली ठेवली. "तुम्ही रोज तिथंच थांबायचात."

मामांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. उत्तर एकच होतं आणि ते द्यायचीही लाज वाटत होती. तरी दिलं. "पुढं हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून."

"हो. मी तेच समजलो."

"मी रविवारी उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी."

"नको. परत सगळे माझ्याकडंच बघतील. ज्याला ज्याला ते नाव सांगितलंत, त्याला एकट्याला गाठून सांगा, बंद कर म्हणून. गोळ्यांचं सांगू नका."

"आणि खोली?"

"खोली घेतलीय, मामा. जाणार आम्ही." त्यानं पकड परत उचलली. "जवळच आहे. दुकानात येत जाईन, तुम्हाला चालणार असेल तर."

मामांनी मान हलवली. त्यांना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क अजून आपला नाही असंही वाटलं, म्हणून हात गुडघ्यावरच राहिला.

मंगळवारी सकाळी ते आधी लॉन्ड्रीत गेले. लॉन्ड्रीवाला शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होता.

"काय मामा, युतुख उठला का?"

"ते नाव घेऊ नकोस. मी उगाच ठेवलं होतं. वाईट केलं मी."

"का, काय झालं?" त्यानं इस्त्री उभी केली. "तुम्हीच तर हसून हसून सांगितलं होतंत."

"हो. मीच."

लॉन्ड्रीवाला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, पुढं काहीतरी गंमत येईल म्हणून. ती येत नाही असं कळल्यावर त्याचंच तोंड पडलं. "बरं," तो म्हणाला आणि कॉलरकडं वळला. एवढं सांगायला मामांना घाम फुटला होता, आणि अजून वाणी होता, पेटीवाला होता, आणि पेटीवाल्यानं कुणाकुणाला सांगितलं असेल ते तर देवालाच माहीत.

वाण्याचं दुकान अजून उघडायचं होतं, तोवर मामा आपल्या दुकानाशी परत आले. दारात कुणीतरी झोळ पडलेली एक आरामखुर्ची ठेवून गेलं होतं. मामांनी ती आत नेली, टेबलावर उलटी पाडली आणि खालचं गोणपाट ब्लेडनं कडेकडेनं कापायला लागले.