आमची कपिली हाडं का चघळत होती

मंडळी, अजून अंगावर काटा आहे.

आमची कपिली गाय गायरानात हाडं चघळायची. "हे घराला चांगलं न्हाय," म्हणत सासरे तिला उद्या बाजारात विकणार होते.

आज चाऱ्यावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात आल्या. दुपारपर्यंत कपिलीमागं फिरल्या. ती खाईल तेच गवत तोडून पिशवीत भरलं.

मग सासऱ्यांना म्हणाल्या, "आजोबा, या गवतात फॉस्फरस कमी असणार. तो हाडात असतो, म्हणून ती हाडं शोधते. हाडांनी विषबाधा होते, ती खाऊ देऊ नका. चाऱ्यात क्षारमिश्रण द्या, त्यात फॉस्फरस असतो."

सासरे उठून कपिलीजवळ गेले. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माय, तू मागत व्हतीस व्हय?"

कपिली आता बाजारात जाणार नाही.

तुमचं जनावर असं काही मागतंय का?