आत्या, गॉडमदर आणि दगडी कुंड

"बारसं नाही गं, बाप्तिस्मा आहे," भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सिडनीत, ब्लॅकटाउनच्या घरी पोळ्या लाटत होते.

"मग नाव कोण ठेवणार?"

"चर्चमध्ये पाद्री विचारतात, आम्ही सांगायचं."

"आणि आत्या?"

तर म्हणे, वहिनी इथली, ख्रिश्चन; यांच्यात आत्याचं काही नसतं, गॉडमदर असते, म्हणजे मानलेली धर्ममाता. आणि ती कोण, तर वहिनीची शाळेतली मैत्रीण! माझ्या डोक्यात तिडीक गेली. भावाला मुलगी झाल्यापासून मी तिच्यासाठी नाव ठरवून ठेवलं होतं. वहिनीने आपलं वेगळंच ठरवलं होतं. ते वाईट नव्हतं, हे आणखी वाईट.

पुण्याहून आलेल्या आईला गाडीत घालून मी कॅनबेरातल्या गुंगालिनला, भावाकडे निघाले, ती भांडायच्या तयारीनेच.

चर्च छोटं आणि गारठलेलं होतं. दाराशीच खांबावर बाप्तिस्म्याच्या पाण्याचं एक अष्टकोनी दगडी कुंड. तुळशीवृंदावन समजून आईने चपला काढल्या, हात जोडले, आणि ती प्रदक्षिणेला निघाली तेव्हा कुठे मी तिला धरलं. पाद्रींना कोण कौतुक वाटलं. कुंड मध्ययुगातलं, इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं चर्च बंद पडलं तेव्हा बोटीने इथे आलेलं. लोक पवित्र पाणी चोरायचे म्हणून झाकणाला कुलूप असायचं, त्या कडीच्या खुणाही त्यांनी दाखवल्या.

"माझा ओटीचा नारळ विमानतळावर काढून घेतला," आई माझ्या कानाशी लागली, "आणि हा अख्खा धोंडा कसा आत सोडला गं?"

सगळे कुंडाभोवती जमले. भाची टाहो फोडत होती. पाद्रींनी तिला हातावर घेतलं आणि म्हणाले, "नेम धिस चाइल्ड."

पुढे माझं मलाच आवरलं नाही. मी वाकले, भाचीच्या कानात "कुर्रर्र" केलं आणि मी ठरवलेलं नाव सांगून टाकलं. बारशाला या क्षणी आत्याच्या पाठीत धपाटे पडतात. आईचा हात सवयीने पडला, तोही दणदणीत. मी कोपरापर्यंत कुंडात.

भाची रडायची थांबली. भाऊ फरशी न्याहाळत होता.

"सॉरी," पाद्री म्हणाले, "आय डिडन्ट क्वाइट कॅच दॅट."

सगळे वहिनीकडे बघायला लागले. ती लालबुंद झाली होती. आता ही मला बाहेर काढणार, असं वाटलं.

"आस्क हर आट्या," ती म्हणाली. "इन हिज फॅमिली, द आट्या नेम्स द बेबी."

गॉडमदरसुद्धा बाजूला सरकली. भांडायचं राहिलं बाजूला, मला रडूच फुटलं. ओल्या हाताने डोळे पुसले, आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वहिनीने ठरवलेलं नाव सांगितलं.